सांगड आणि तेप्पम : तरंगत्या तळाची तोंडओळख
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, कुंभकोणमच्या नियोजित सहलीपूर्वी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत बोलण्याचे निमंत्रण मंडळाने दिले, त्याबद्दल आम्ही प्रथम कार्यकारिणीचे आभार मानतो. सुवर्णमहोत्सव म्हटला की साहित्य, संगीत आणि नाट्य यांवरची व्याख्याने ओघानेच येतात. आमचा विषय त्यामानाने अगदीच वेगळा, पाण्यावरचा आहे. पण मंडळाने सहलीसाठी कुंभकोणमची निवड केली, आणि तेथील तेप्पोत्सव पाहण्याचे ठरविले, तेव्हा जे पाहायचे ते थोडे समजून पाहावे, अशी इच्छा काही सभासदांनी बोलून दाखविली. शिवाय, तेप्पम पाहून झाल्यावर मुलेबाळे जवळच्या एखाद्या जलाशयावर नौकाविहाराचा हट्ट धरतील, हेही उघड आहे. तेव्हा तरंगणारा सपाट तळ म्हणजे काय, तो कशाच्या बळावर तरंगतो, आणि त्यावर पाय ठेवण्यापूर्वी काय पाहावे, एवढेच आज सांगण्याचा आमचा मानस आहे.

प्रथम गावाच्या नावाविषयी. प्रलयकाळी ब्रह्मदेवाने सृष्टीची बीजे आणि अमृत एका कुंभात ठेवले, तो कुंभ पाण्यावर तरंगत तरंगत या ठिकाणी येऊन टेकला, आणि शिवाने बाण मारून तो फोडला, अशी स्थलपुराणाची कथा आहे. त्या कुंभावरून हे कुंभकोणम. कथेतील श्रद्धेचा भाग ज्याच्या त्याच्यापाशी. आमच्या विषयाला मात्र तिच्यातील एक तपशील फार उपयोगी आहे. प्रलयाच्या पाण्यावर जे तरले ते जहाज नव्हते, तर तोंड बंद केलेले पोकळ भांडे होते. ज्याला इंग्रजी शब्द उचलून आपण 'पाँटून' म्हणतो, ते मुळात एवढेच आहे. आत हवा, सर्व बाजूंनी बंद, आणि पाण्यावर तरंगणारे.

नौका आणि पाँटून यांतील मूळ भेद येथेच स्पष्ट होतो. साधी होडी म्हणजे पाण्यात ठेवलेली उघडी वाटी. माणसे त्या वाटीच्या आत बसतात. वाटीत पाणी शिरले की होडी जड होते आणि अखेर बुडते. पाँटूनमध्ये पोकळी खाली बंदिस्त असते, आणि माणसे तिच्या माथ्यावर टाकलेल्या सपाट फळीवर उभी राहतात. वर पावसाचे किंवा लाटेचे पाणी आले तरी ते फटींतून खाली निघून जाते. होगेनकलला कावेरीवर चालणारे 'परिसल' आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. वेळूच्या कामट्यांची ती गोल टोपली वाटीच्या जातीची. तेप्पम हा पाँटूनच्या जातीचा.

'तेप्पम' या तमिळ शब्दाचा अर्थच तराफा. ज्या तळ्यात तो फिरवितात ते तेप्पकुळम. तमिळमध्ये दुसरा शब्द आहे 'कट्टुमरम'. 'कट्टु' म्हणजे बांधणे आणि 'मरम' म्हणजे लाकूड. हाच शब्द पुढे 'कॅटामरान' होऊन जगभर गेला. पण आम्हांला या प्रसंगी विशेष आठवण होते ती आपल्या मराठी शब्दाची. दोन होड्या किंवा सुके भोपळे एकत्र बांधून नदी उतरण्याचे जे साधन, त्याला आपल्याकडे 'सांगड' म्हणतात. साधन मागे पडले, परंतु 'सांगड घालणे' हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो. ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात मायानदीचे प्रसिद्ध रूपक आहे. त्यातही सांगडीचा उल्लेख येतो, आणि ज्यांनी सांगड तर घेतली पण सोबत अहंभावाची धोंडही बांधून घेतली, त्यांची गत काय होते तेही माउली सांगून जातात. भारापुढे सांगडीचा इलाज चालत नाही, हे सातशेहून अधिक वर्षांपूर्वीच आपल्या भाषेत नोंदले गेले आहे. आजच्या व्याख्यानाचे सारही थोड्याफार फरकाने तेच आहे.

आता कुंभकोणमचा तेप्पम. शार्ङ्गपाणीचे मंदिर तेथील वैष्णव मंदिरांत अग्रगण्य. त्याचे राजगोपुर अकरा मजल्यांचे, सुमारे १७३ फूट उंचीचे. गर्भगृहाची रचना रथासारखी असून त्याला दगडी घोडे व हत्ती जोडलेले आहेत. मंदिराच्या पश्चिमद्वाराबाहेर पोट्रामरै, म्हणजे सुवर्णकमळाचे तळे आहे. मासी महिन्यात, मघा नक्षत्राच्या सुमारास, म्हणजे बहुधा आपल्या माघी पौर्णिमेच्या आगेमागे, देवाची उत्सवमूर्ती दिव्यांनी उजळलेल्या तेप्पमवर बसवून या तळ्यात फिरवितात. गावातील दुसरे मोठे तळे महामहम. ते सुमारे सव्वासहा एकरांचे, काठाने सोळा मंडप असलेले. दर बारा वर्षांनी तेथे महामहमचे स्नान होते. २००४ आणि २०१६ साली ते झाले, आणि यापुढचे २०२८ साली आहे. त्याला दक्षिणेचा कुंभमेळा म्हणतात. योगायोग असा की उत्तरेच्या कुंभमेळ्यात, प्रयागला, लक्षावधी यात्रेकरू गंगा ओलांडतात ते लोखंडी पिंपांवर टाकलेल्या 'पीपा पुलां'वरून, म्हणजे पाँटूनवरूनच. कलकत्त्याला हुगळीवरचा पहिला हावडा पूलही असाच तरंगता होता. १८७४ साली तो खुला झाला, आणि १९४३ साली आजचा पूल येईपर्यंत शहराचा भार वाहत राहिला.

पूर्वी ओंडके किंवा होड्या बांधून तेप्पम करीत. आज बहुतेक ठिकाणी तेलाची रिकामी पिंपे वापरतात. पिंपे आडवी, ओळींत मांडायची. त्यांवर वेळूंचा आणि वाशांचा चौकटीसारखा सांगाडा, त्यावर फळ्या, आणि फळ्यांवर देवाचा मंडप. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पिंप दोरीने बांधलेले दिसते, म्हणून भार दोरीवर आहे असे वाटते. वस्तुतः पाणी पिंपाला वर ढकलते, पिंप सांगाड्याला वर ढकलते, आणि दोरीचे काम पिंपाला बाजूला निसटू न देण्याचे असते. म्हणूनच एवढे ओझे साध्या दोरखंडांच्या गाठींवर निभावते. उत्सव संपला की गाठी सोडतात, पिंपे काठावर येतात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा नव्याने बांधणी होते.

आता थोडे गणित. कुंभकोणमच्या संदर्भात गणिताचे वावडे असू नये, कारण श्रीनिवास रामानुजन यांचे बालपणीचे घर याच शार्ङ्गपाणी मंदिराच्या सन्निधि रस्त्यावर आहे. आमचे गणित मात्र तिसरीच्या मुलालाही जमेल असे आहे.

आर्किमिडीजचा सिद्धांत आपण शाळेत शिकलो आहोत. वस्तू जेवढे पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका आधार तिला मिळतो. नेहमीचे मोठे पिंप २०० लिटरचे असते. ते पुरते बुडाले तर सुमारे २०० किलोग्रॅम पाणी सारते. त्याचे स्वतःचे वजन सुमारे २० किलोग्रॅम. म्हणजे पिंपामागे १८० किलोग्रॅम ओझे चढविता येईल, असा हिशेब कोणीही करील. अपघाताची सुरुवात याच हिशेबापासून होते. जाणता बांधणारा पिंप अर्धेच बुडवितो. अर्ध्या पिंपाचा आधार १०० किलोग्रॅम, त्यातून २० वजा जाता उरले ८०. उरलेले अर्धे पिंप वर रिकामे राहते ते वाया गेले असे समजू नये. ती शिल्लक आहे, संसारात अडीअडचणीसाठी बाजूला काढून ठेवतो तशी.

ही शिल्लक कशासाठी, ते उदाहरणाने पाहू. समजा, दहा ओळी, प्रत्येक ओळीत दहा पिंपे, एकेक मीटरच्या अंतराने मांडली. एकूण शंभर पिंपे. अर्धी बुडवायची म्हणजे ८,००० किलोग्रॅम ओझे चालेल. लाकूडफाटा, मंडप, दिवे आणि जनित्र मिळून त्यांतले ४,००० गेले असे धरू. उरलेल्या ४,००० मध्ये, माणशी ६५ किलोग्रॅम धरल्यास, साठएक माणसे बसतात. आता ही सर्वच्या सर्व माणसे काही कारणाने एकाच काठाला धावली, तर तेथील पिंपे आणखी सुमारे २० सेंटिमीटर, म्हणजे वीतभर खाली जातील. पिंपाचा व्यास ५८ सेंटिमीटरच्या आसपास असल्यामुळे अर्ध्या पिंपाचे २९ सेंटिमीटर आधी वर होते. म्हणजे एवढी धावपळ होऊनही काही अंग पाण्यावर उरते. तळ कलेल, पण उलटणार नाही.

आता त्याच तळावर साठऐवजी एकशे वीस माणसे चढवा. एकूण वजन, पिंपांसकट, १३,८०० किलोग्रॅम झाले. शंभर पिंपे २०,००० किलोग्रॅम पाणी सारू शकतात, म्हणून तळ बुडत नाही. पिंपाचा साधारण तिसरा हिस्सा अजून वर दिसतो. माणसे स्थिर उभी असेपर्यंत सारे आलबेल भासते. काठावरून पाहणारा म्हणतो, "बघा, तरंगते आहे ना!" परंतु हीच माणसे एका बाजूला गेली, तर त्या काठाला जेवढे खाली जावे लागेल तेवढे अंग वर शिल्लकच नसते. काठ पाण्याखाली जातो, उभी माणसे उतरणीवर घसरतात, आणि त्यांच्या घसरण्याने काठ आणखी खाली जातो. तरंगणे आणि सुरक्षित असणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. तुम्ही या व्याख्यानातील बाकी सारे विसरलात तरी चालेल, एवढे एक वाक्य सोबत न्यावे, अशी आमची विनंती आहे.

पिंप आडवे आणि अर्धे बुडालेले असावे, यामागे आणखी एक कारण आहे. आडव्या पिंपाची रुंदी मध्यावर सर्वाधिक असते. त्यामुळे थोडे अधिक बुडताच ते पुष्कळ पाणी सारते आणि कलणारी बाजू जोराने सावरते. मध्याच्या वर मात्र रुंदी कमी कमी होत जाते, आणि सावरण्याचे बळही ओसरते. म्हणजे जेव्हा आधाराची सर्वांत जास्त गरज, तेव्हाच तो उणा पडतो.

स्थैर्याचे दुसरे अंग रुंदी. तळ जितका पसरट, तितका तो कलण्यास नाखूश. हा गुण रुंदीच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, त्याहून फार वेगाने वाढतो. म्हणून अरुंद आणि उंच यापेक्षा रुंद आणि बुटके बरे. तिसरे अंग उंची. ओझे जितके वर, तितका कल अधिक धोक्याचा. तेप्पमवर मंडप उंच दिसतो, पण तो बहुधा वेळू, कापड आणि फुले यांचा, म्हणजे हलका असतो. माणसे खालच्या फळीवर असतात. मंडपाच्या माथ्यावर माणसे चढविली तर तोच तेप्पम निराळा होईल. तेप्पम ओढण्याचा दोरही खाली, सांगाड्यालाच बांधतात. तो वर मंडपाला बांधला तर प्रत्येक हिसक्याला तळ कलू लागेल. रथाच्या दोराप्रमाणे या दोरालाही 'वडम' म्हणतात. काठावरून भक्तमंडळी तो ओढतात, आणि तळे उथळ असल्यास तेप्पमवरील माणसे बांबू तळाशी रोवून दिशा देतात.

चौथे अंग, अनेक कप्पे. होडीच्या तळाला एक भोक पडले तर सारी होडी पाण्याने भरते. शंभर पिंपांतील एक गळले तर शंभरावा आधार गेला, नव्याण्णव उरले. मात्र मधले पिंप गळणे आणि कोपऱ्यातले गळणे यांत फरक आहे, कोपऱ्यातल्याने तळ अधिक कलतो. म्हणून जुनी, गंजकी पिंपे वापरण्यापूर्वी पाण्यात दाबून बुडबुडे येतात का ते पाहावे लागते, आणि बुचे घट्ट आवळावी लागतात.

आता आजच्या विहारनौकांकडे वळू. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, रिचमंड गावच्या अ‍ॅम्ब्रोझ वीअर्स नावाच्या शेतकऱ्याने १९५२ च्या सुमारास लोखंडी पिंपे टोकाला टोक जोडून त्यांच्या दोन लांब नळ्या केल्या आणि वर लाकडी तळ टाकला. सरोवरावर नेहमीच्या होडीपेक्षा ही अधिक स्थिर राहील, असा त्याचा अंदाज होता, आणि तो खरा ठरला. पुढे पिंपांच्या जागी अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या आल्या, कठडा, आसने, छत आणि मागे यंत्र आले. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या आप्तांनी सरोवरावरची अशी छायाचित्रे पाठविली असतील. आपल्याकडेही धरणांच्या जलाशयांवर आणि खाडीकाठी तरंगते तळ व धक्के दिसू लागले आहेत. त्यांचा सांगाडा बदलला, नियम बदलले नाहीत. या नौका शांत पाण्याच्या. त्यांचे सपाट छत आणि कठडे वारा धरतात, आणि पुढचा भाग जड झाला तर समोरून येणारी लाट फळीवर चढते. म्हणून त्या तळ्यात शोभतात, खवळलेल्या समुद्रात नव्हेत.

येथे दोन दुःखद घटनांचा उल्लेख करणे आम्हांला कर्तव्य वाटते. त्या नौका आमच्या वर्णनातील पाँटून नव्हत्या, पण त्यांतून मिळणारा धडा प्रत्येक तरंगत्या तळाला लागू आहे. ३० सप्टेंबर २००९ रोजी केरळात थेक्कडीच्या जलाशयात दुमजली नौका उलटून ४५ प्रवासी मृत्युमुखी पडले. वन्य पशू दिसल्यावर प्रवासी एका बाजूस गेले, असे त्या वेळच्या वृत्तांतांत आले होते. गर्दी ही द्रवासारखी असते. परातीतले पाणी जसे कललेल्या बाजूला धावते आणि परात आणखी कलविते, तशीच माणसे. दुसरी घटना १८ जानेवारी २०२४ ची. बडोद्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची नौका उलटली आणि १२ विद्यार्थी व २ शिक्षिका यांचा अंत झाला. क्षमतेहून अधिक माणसे नौकेत होती, आणि पुष्कळांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे नव्हती. बडोदे आणि कुंभकोणम यांचा संबंध मराठी माणसाला ठाऊक असतो. कुंभकोणममध्ये १८२८ साली तंजावरी मराठी कुळात जन्मलेले सर टी. माधवराव हेच १८७५ ते १८८२ या काळात बडोद्याचे दिवाण होते. त्या शहरात आपल्या कितीतरी लोकांची घरे आहेत. म्हणून ती बातमी आपणा सर्वांना घरचीच वाटली.

तेव्हा सहलीला निघताना घरातील कर्त्या माणसांनी पुढील गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट, चढण्यापूर्वी काठावर उभे राहून पाण्याची रेघ पाहा. पिंपाचा किंवा नळीचा निम्मा भाग पाण्यावर दिसतो का? माणसे चढल्यावरही दिसतो का? एका कोपऱ्यात कमी दिसत असेल तर काहीतरी गळते आहे किंवा ओझे वाकडे आहे. हे पाहायला अभियंता असावे लागत नाही, डोळे असावे लागतात.

दुसरी गोष्ट, किती माणसांची परवानगी आहे ते विचारा, आणि मुलांनाही माणसांतच मोजा. "लहानच आहे, मांडीवर बसेल" हा युक्तिवाद एस.टी.च्या गाडीत चालत असेल, पाण्याला तो कळत नाही.

तिसरी गोष्ट, एकेकाने चढा, चढताच मध्याकडे सरका, आणि दोन्ही बाजूंना सारखे बसा. छायाचित्रासाठी सगळ्यांनी एका कठड्याशी जमू नये. काठावर मोर दिसो वा मगर दिसो, जागेवरूनच पाहावे.

चौथी गोष्ट, जाकीट हातात घेऊन उपयोग नाही, अंगात घालून बंद आवळले पाहिजेत. पोहता येणाऱ्यानेही घालावे, कारण उलटलेल्या तळाखाली सापडलेल्याचे पोहणे कामास येतेच असे नाही.

पाचवी गोष्ट, यंत्राची नौका असेल तर पुढच्या कठड्याबाहेरच्या फळीवर मुलांना बसू देऊ नका. तेथून पडलेले मूल दोन नळ्यांच्या मधून थेट मागच्या पंख्याकडे जाते.

आणि शेवटची गोष्ट सर्वांत अवघड आहे. यांतले काही मनाला पटले नाही, तर चढू नका, किंवा चढला असाल तर उतरा. भाडे दिलेले असते, मुले रडकुंडीला आलेली असतात, सोबतचे हसतात, नौकावाला म्हणतो की रोज एवढीच माणसे नेतो. तो खोटे बोलत नसेलही. एकशे वीस माणसांचा तळ रोज तरंगतोच, हे आपण आत्ताच पाहिले. ज्या दिवशी सगळे एका बाजूला धावतात, त्या दिवसासाठी 'नको' म्हणायचे असते. मंडळाच्या सहलीत असे 'नको' म्हणणाऱ्या सभासदाची थट्टा होणार नाही, एवढा संकेत आपण आजच पाळू या.

तेप्पमचे तुम्ही काठावरूनच दर्शन घ्याल. देव, दिवे, नादस्वरम आणि पाण्यातील प्रतिबिंबे यांत मन रमेल, आणि रमावेच. पण क्षणभर नजर खाली, पाण्याच्या रेघेकडे जाऊ द्या. वर देवाचा मंडप स्थिर आहे तो खाली अंधारात, अर्धी बुडालेली, अर्धी मोकळी ठेवलेली पिंपे ओळीने उभी आहेत म्हणून. त्यांतले कोणतेही एकटे तेवढा भार पेलू शकले नसते, आणि कोणावरही पुरता भार टाकलेला नसतो. परमुलखात पन्नास वर्षे मंडळ चालविणाऱ्यांना याचा अर्थ आम्ही उलगडून सांगावा असे नाही. वर्गणी गोळा करणारे, सतरंज्या घालणारे, नाटकाचे सामान वाहणारे, मुलांना मराठी शिकविणारे असे पुष्कळजण वरून दिसले नाहीत. नव्या पन्नास वर्षांसाठी मंडळ नवे खांदे शोधील तेव्हा ओझे थोड्यांवर न पडता पुष्कळांत वाटले जावे, एवढी सदिच्छा व्यक्त करतो.